वहीत नसलेला आवाज

डिफरन्शियल नव्याने बांधून ट्रक पाठवला, त्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी सविस्तर तो परत घेऊन आला. गॅरेजच्या दारात उभा केला, खाली उतरला, दार हळूच लावलं आणि म्हणाला, "ताई, मागून आवाज येतो."

सविस्तर हे काही त्याचं खरं नाव नव्हे. डेअरीच्या सहा ट्रकांपैकी एक तो चालवायचा आणि कुठलीही गोष्ट मुळापासून सांगितल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. टायर पंक्चर झालं एवढं सांगायलाही तो आदल्या दिवशीच्या जेवणापासून सुरुवात करी. नाव बाबांनी ठेवलं होतं आणि त्याला स्वतःलाही ते आवडलं होतं.

"कसा आवाज?" काकांनी विचारलं.

"त्याचं असं झालं काका, परवा मी इथून गाडी घेऊन निघालो, तर वाटेत मेहुण्याचा फोन. आता हा मेहुणा म्हणजे..."

"मेहुण्याला राहू दे. आवाज ऊं असा आहे की खट असा?"

"तेच सांगतोय. मेहुणा म्हणाला..."

"किल्ली दे," काका म्हणाले.

तो डिफरन्शियल लेकीने बांधला होता. बाबा गेल्याला सात महिने झाले होते आणि त्यांच्याशिवाय बांधलेला हा पहिलाच डिफरन्शियल होता. गॅरेज खरं चालायचं ते बाबांच्या कानावर. काका त्यांचे बत्तीस वर्षांचे भागीदार. कान बाबांचा, हात काकांचे. ट्रक फाटकातून आत वळला की बाबा स्टुलावर बसल्या बसल्या सांगत, डाव्या बाजूचं बेअरिंग, आणि काका उघडत तर डाव्या बाजूचंच बेअरिंग निघे. लेक आधी छापखान्यात मुद्रितं तपासायची. तीन वर्षांपूर्वी बाबांचे गुडघे बोलायला लागले तेव्हा ती नोकरी सोडून गॅरेजात आली. चुका शोधणं हा तिचा पूर्वीपासूनचाच धंदा. फक्त त्या कागदावरच्या असत आणि आवाज करत नसत.

डिफरन्शियल म्हणजे ट्रकच्या मागच्या धुऱ्याच्या मधोमध असतो तो लोखंडी गड्डा. इंजिनाचं बळ तिथे येतं, काटकोनात वळतं आणि दोन्ही चाकांना वाटलं जातं. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त चालावं लागतं, आतल्याला कमी; कुणी किती चालायचं ते हा गड्डा आपलं आपण जमवतो. बाबा म्हणत, दोन भावांना जन्मभर जे साधत नाही ते हा दर वळणावर करतो. लहानपणापासून ऐकलेलं हे वाक्य या वेळी स्वतःच्या हाताने चक्रं बसवताना तिला पहिल्यांदा खरं वाटलं, आणि ती पाना हातात घेऊन बराच वेळ नुसतीच बघत राहिली होती.

काम तिने डोळ्यांत तेल घालून केलं होतं. बेअरिंगं नवी, सीलं नवी, प्रत्येक पातळ चकती दोनदा मोजलेली. आणि शेवटी, कुणीही न सांगितलेलं एक काम तिने केलं. धुऱ्याचं सगळं कवच घासून, पुसून त्याला करडा रंग दिला. बाबांच्या पश्चातलं पहिलं काम, ते दिसायलाही तसं असावं, एवढंच तिच्या मनात होतं. बत्तीस वर्षांत या गॅरेजात कुणी धुऱ्याला रंग दिला नव्हता.

"लग्न आहे का त्याचं?" काकांनी विचारलं होतं.

असा नवरदेवासारखा सजवून पाठवलेला ट्रक आता दारात उभा होता.

काकांनी पाण्याच्या टाकीपर्यंत नेऊन आणायचं ठरवलं. जाऊन येऊन तीन किलोमीटर. काका चालवायला, लेक मागे फळीला कान लावून. सविस्तर फुटपाथवर उभं राहून "अहो, तसं नाही, आधी ऐका तरी" असं काहीतरी म्हणत होता, पण ट्रक निघाला होता.

परत आल्यावर काका म्हणाले, "ऊं."

लेक म्हणाली, "टिक."

"ऊं आहे. वेग धरला की येतो."

"टिक आहे काका. चाकाच्या फेऱ्याला एकदा."

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तो असा. दोघांनाही आपापला आवाज शपथेवर ऐकू आला होता. तडजोड म्हणून डिफरन्शियल उघडायचं ठरलं.

तेल काढलं, चाकांचे दांडे ओढले, गड्डा खाली उतरवला. मोठ्या चक्राच्या दातांना पिवळा लेप लावला आणि हाताने फिरवलं. लहान चक्राचे दात त्यावर ठसा उमटवून जातात आणि तो ठसा सांगतो, दोघांचं पटतंय की नाही. लेकीने दिवा जवळ धरला. ठसा दाताच्या बरोबर मधोमध, तांदळाच्या दाण्यासारखा लांबट, दोन्ही टोकांना निमुळता. पहिल्या दातावर तसा, दुसऱ्यावर तसा, सदतिसाव्यावरही तसाच. छापखान्याच्या दहा वर्षांत तिने इतकं निर्दोष पान पाहिलं नव्हतं.

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग नकळत दोन्ही हात जोडले.

"ह्यात दोष नाही," ते म्हणाले.

"मग?"

"मग काय. बंद कर."

बंद केलं. उघडताना पान्याने जिथे जिथे रंग खरवडला होता तिथे तिने वरून एक हात मारला. नीटनेटकेपणाचा आजार औषधाने जात नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सविस्तर हजर. "आहे अजून."

काका म्हणाले, आता बाहेरचं बघू. मागची चाकं पुढे घातली, पुढची मागे. इंजिनाकडून येणारा लांब दांडा काढून, खुणा जुळवून पुन्हा बसवला. अवजारांची पेटी सोडवली तेव्हा तिच्या मागे चासीत अडकलेला एक स्टीलचा चमचा सापडला. काकांनी तो हलवून पाहिला. टिक, टिक. ते लेकीकडे बघून हसले आणि एखादं पदक दाखवावं तसा त्यांनी तो उंच धरला.

"अहो, हा माझा चमचा," सविस्तर म्हणाला. "दोन वर्षं शोधतोय. त्याचं असं झालं..."

"घेऊन जा," काका म्हणाले.

चमचा गेला, ट्रक गेला आणि दोन तासांनी ट्रक आला. सविस्तरने खिडकीतून नुसतीच मान हलवली. डिफरन्शियल पुन्हा उघडला गेला. सदतीस दाणे जिथल्या तिथे होते. पुन्हा बंद, पुन्हा रंगाचा एक हात.

तिसऱ्या दिवशी गॅरेजसमोर मंडळी जमली. दुसऱ्याच्या ट्रकचा आवाज ऐकायला पैसे पडत नाहीत. शेजारचा टायरवाला म्हणाला, "टायर आहेत."

"टायर नवे आहेत," लेक म्हणाली.

"म्हणून तर."

समोरचा शिंपी गळ्यात टेप तसाच ठेवून ट्रकमध्ये बसला, टाकीपर्यंत जाऊन आला आणि म्हणाला, "माझ्या मशीनचा पट्टा तुटायच्या आधी असाच आवाज येतो."

"कसा?"

"आता कसं सांगू? तुटल्यावर कळतं."

तेवढ्यात डेअरीच्या मालकांचा फोन आला. माणूस सौम्य होता, त्यामुळे जास्तच लागलं. "ताई, तुम्ही मन लावून काम करता, मला माहीत आहे. पण तुमच्या वडलांनी बंद केलेलं कधी दुसऱ्यांदा उघडावं लागलं नव्हतं. उद्या सकाळी आठला गाडी दुधाला लागली पाहिजे. नाही जमलं तर सांगा, मी सहाही गाड्या पुलापलीकडच्या गॅरेजला देतो. राग मानू नका."

तिने राग मानला नाही. फोन ठेवला आणि फळीवरची वही काढली.

ती बाबांची आवाजांची वही. सात महिन्यांत ती तिने चारदा खाली काढली होती आणि चारदा न उघडता वर ठेवली होती. लांबट, पुठ्ठ्याची, तेलाने पारदर्शक झालेली. रकाने पाच: तारीख, गाडी, आवाज, कारण, सही. सही दोघांची, बाबांची आणि साक्षीला काकांची. पण आवाजाच्या रकान्यात बाबांनी ऊं किंवा टिक असलं काही लिहिलं नव्हतं. त्यांना आवाज माणसांसारखे ऐकू यायचे.

लेकीने मोठ्याने वाचलं. "थोरले साडू जेवताना. कारण, उजवं बेअरिंग."

"त्यांना मी जेवताना पाहिलेलं नाही," काका म्हणाले.

"ताई भांडी आवरते तसा, राग नाही, नुसती घाई. कारण, जॉइंट सैल."

"तुझी आत्या? मी फक्त चहाला गेलोय."

"लेक लहानपणी रडून झाल्यावर हुंदके द्यायची तसा. कारण, एका दाताचा टवका." तिचं बोट त्या ओळीवरच राहिलं. आपण कसे हुंदके द्यायचो हे जगात नेमकं एका माणसाला ठाऊक होतं आणि त्याने त्यावरून ट्रक दुरुस्त केले होते. तिने पान उलटलं. "हिने 'काही नाही' म्हटल्यावर कपाट लावतात तसा. कारण, दातांत खेळ जास्त. लगेच उघडणे, थांबू नये."

काका छताकडे बघायला लागले.

आता ही वही वाचायची तर घरचे सगळे आवाज पाठ असलेलं माणूस हवं. तसं एकच उरलं होतं. लेकीने घरी फोन लावला.

"आई, मोठ्या मावशीचे यजमान जेवताना कसा आवाज करतात?"

पलीकडे नळ बंद झाला. मग, "कुठे आहेस तू?"

"गॅरेजात."

"मग त्यांच्या जेवणाचं काय काढलंस?"

"तू ये ना इकडे."

आई सात महिन्यांत गॅरेजची पायरी चढली नव्हती. माझं तिथे काय काम, म्हणायची. तशी ती आताशा कुठेच फारशी जात नसे. झोप लागत नाही म्हणून तिने उशी बदलली, मग खोली बदलली, मग पलंगाचं तोंड फिरवलं. डॉक्टरांच्या गोळ्या कपाटात तशाच होत्या. पण तासाभरात ती रिक्षातून उतरली, कोपऱ्यातल्या बाबांच्या स्टुलाला वळसा घातला आणि उलट्या क्रेटवर बसून वही मांडीवर घेतली. स्टुलावर सात महिन्यांत कुणी बसलं नव्हतं. तसं ठरलंही नव्हतं.

आईने पाच पानं वाचली. मग चष्म्यावरून काकांकडे पाहिलं.

"मी कपाट आपटते?"

"मी फक्त सही केलीय वहिनी."

"अकरा वेळा लिहिलंय. अकरा वेगवेगळ्या गाड्या." तिने आणखी काही पानं उलटली. "माझ्या बहिणीचे यजमान, ह्यांची बहीण, शेजारचे मास्तर, तू, मी. सगळ्या गावाचे आवाज लिहिलेत. स्वतःचा तेवढा कुठे नाही."

"त्यांचा कुठला?" लेकीने विचारलं, उत्तर माहीत असून.

"घोरण्याचा. अडतीस वर्षं सांगत होते, तुम्ही घोरता. तर म्हणे, फाटकाबाहेरचं बेअरिंग मला ऐकू येतं, मी घोरलो असतो तर मला ऐकू आलं नसतं का?"

हा वाद घरात जुना होता. पाहुण्यांच्या साक्षी काढून झाल्या होत्या, भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांची झाली होती. बाबा सगळ्या साक्षी फेटाळत. कान माझा, निकाल माझा.

दुपारी दोनला ट्रक शेवटच्या फेरीला निघाला. सविस्तर चालवायला, शेजारी आई, खिडकीशी मांडीवर वही घेऊन लेक. काका मागे फळीवर. आई डोळे मिटून ऐकत होती. टाकी दिसायला लागली.

"काही?" लेकीने विचारलं.

"साडू नाहीत. कपाटही नाही." आईने डोळे उघडले आणि सविस्तरकडे वळली. "आवाज पहिल्यांदा तुम्ही ऐकलात ना? काय झालं होतं?"

सविस्तरने आरशात बघून खात्री केली की प्रश्न आपल्यालाच आहे. "कुणी विचारलंच नाही वहिनी."

"मी विचारते. पहिल्यापासून सांगा."

लेकीने डोळे मिटून घेतले.

"त्याचं असं झालं," सविस्तर म्हणाला, आणि त्याच्या आवाजात तीन दिवसांचा साठलेला आनंद होता. "वाटेत मेहुण्याचा फोन. आता हा मेहुणा म्हणजे बायकोचा सख्खा भाऊ नव्हे, चुलत. पण सख्ख्याला लाजवील असा. त्याला न्यायचा होता आरसा. पुरुषभर उंच. तर म्हणाला, दाजी, तुमची गाडी रिकामी येतेय ना?"

टाकी आली. "वळवू का?" त्याने विचारलं.

"गोष्ट संपली?"

"छे."

"मग चला पुढे."

मागून काकांनी फळीवर ठोकलं. कुणी लक्ष दिलं नाही. आरसा कुणाचा, तो मेहुण्याकडे कसा आला, मेहुण्याच्या लग्नात त्यावरून काय झालं, हे सगळं यथासांग झालं. आई मध्येच एखादा प्रश्न विचारी, "मग सासरे काय म्हणाले?" आणि त्याने गोष्ट दोन किलोमीटरने वाढे. वीटभट्ट्या गेल्या, चढ गेला, पेट्रोलपंप गेला. बावीस किलोमीटरवर, दगडाच्या खाणीच्या अलीकडे, झाडांच्या सावलीत सविस्तरने ट्रक बाजूला घेतला.

"इथे. मेहुणा म्हणाला होता, झाडाखाली थांबा. मी थांबलो. तो यायचा होता. उगाच डिझेल कशाला जाळा म्हणून मी इंजिन बंद केलं, असं." त्याने किल्ली फिरवली. "आणि मग..."

शांतता पसरली. तापलेलं इंजिन दोनदा कुरकुरलं आणि गप्प झालं. आणि मग मागून, ट्रकच्या पोटाखालून, तो आला. हळूच चढत गेला, घुर्रर्र, एका ठिकाणी अडला, अडून राहिला, आणि फुस् करून सुटला. मग थोडा वेळ काहीच नाही. मग पुन्हा, घुर्रर्र.

मागून काकांचा आवाज आला. "कोण घोरतंय?"

सविस्तरने समाधानाने हात मांडीवर ठेवले. गोष्ट संपली होती.

काका उतरून पुढे आले. "अरे, उभ्या गाडीचा आवाज आहे हे आधी का नाही बोललास?"

"ते शेवटी येतं काका. तुम्ही शेवटापर्यंत येऊच देत नाही."

लेक पायऱ्यांवरून उतरता उतरता थांबली. बाबा या माणसाला नेहमी समोर बसवून घेत, चहा मागवत आणि मेहुण्यांसकट सगळं ऐकून घेत. तिला वाटायचं, गुडघे दुखतात म्हणून वेळ काढतात. ट्रक फाटकातून आत वळायच्या कितीतरी आधी, त्या चहाच्या कपांतून, त्या कानात काय काय जात असेल हे तिला आत्ता दिसलं. आणि गाडी बावीस किलोमीटर चालवून तापवायची युक्ती तर कुठल्या पुस्तकात नव्हती. ती गोष्टीच्या लांबीतच होती.

आई अजून आतच बसली होती. ताठ. चेहऱ्यावरचा रंग जरा उतरला होता.

"हे ह्यांचंच आहे," ती म्हणाली.

तिने एक बोट वर केलं.

"ऐका. श्वास घेताना नाही, सोडताना. मध्ये अडतो, मग सुटतो. नाक चोंदलं की अगदी असंच." पुन्हा घुर्रर्र झालं, अडलं, सुटलं. "ह्याचं नाक कुठे असतं?"

काकांनी लेकीकडे पाहिलं, लेकीने काकांकडे.

नाक होतं. धुऱ्याच्या कवचावर, वरच्या अंगाला, बोटाच्या पेराएवढी एक टोपी असते. तेल तापलं की आतली हवा फुगते आणि त्या टोपीखालून बाहेर पडते; गार झालं की तिथूनच आत येते. लेक त्या टोपीला चांगलं ओळखत होती. तिनेच तिला रंग दिला होता. तीनदा.

"मी बुजवलं ते," ती म्हणाली.

काकांनी तिच्यावर ओरडायला तोंड उघडलं, मग ट्रकखाली वाकून त्या घोरणाऱ्या लोखंडाकडे पाहिलं आणि त्यांचा आवाज एकदम खाली आला. "बत्तीस वर्षं मी ह्यांची पोटं उघडतोय," ते म्हणाले. "श्वास घेतात हे माहीत होतं. पण कधी ऐकलं नव्हतं."

तिघं रस्त्याच्या कडेला वाकून उभे राहिले, एखाद्या पाळण्यापाशी उभं राहावं तसे. एवढं मोठं धूड, आठ टन वाहणारं, आणि त्याला पेराएवढ्या टोपीतून श्वास सोडावा लागतो. लेकीला हसूही येत होतं आणि केस कुणीतरी मागून हळूच ओढावेत तसं काहीतरी मानेपाशी होत होतं.

"तार आहे का कुठे? बारीक काहीतरी," तिने विचारलं. "आई, तुझा आकडा दे केसातला."

आईने उत्तर दिलं नाही. लेक दारापाशी गेली. आई लेकीच्या जागी सरकली होती, मान खिडकीच्या काचेला टेकली होती, तोंड किंचित उघडं, हात मांडीवरच्या वहीवर. ती झोपली होती.

लेकीने मागे वळून बोट ओठांवर ठेवलं. सविस्तरने चप्पल काढून हातात घेतली, का ते त्यालाच माहीत. एक मोटारसायकल येत होती, काकांनी रस्त्यात जाऊन हातानेच तिला हॉर्न वाजवू नकोस म्हणून सांगितलं. आणि मग तिघं झाडाखाली बसले आणि त्यांनी ट्रकला घोरू दिलं. तीन दिवस ज्या आवाजाचा नायनाट करायला निघाले होते तो आता कमी होईल की काय, अशी प्रत्येकाला धास्ती. दोन घोरण्यांमधलं अंतर वाढलं की सविस्तर काकांकडे बघे, आणि काका पंजा वर करून थांब म्हणत. वीस मिनिटं.

मग तेल गार होत आलं. एक लांब घुर्रर्र, एक बारीक फुस्. पुढचा आलाच नाही.

आई खाडकन जागी झाली. "काय झालं? बंद का झालं?"

अडतीस वर्षं ती अशीच जागी व्हायची. बाबांचं घोरणं थांबलं की उठून त्यांना कोपराने ढोसायची, आणि ते ओशाळून म्हणायचे, झोपू दे की, मी कुठे घोरतोय.

"काही नाही," लेक म्हणाली. "गार झाला."

आईने आजूबाजूला पाहिलं, झाडाकडे, हातात चप्पल घेतलेल्या सविस्तरकडे. अंबाड्यातला आकडा काढला आणि लेकीच्या हातात दिला. "हा घे. वाकडा करू नकोस."

लेक ट्रकखाली सरकली. टोपीभोवती रंगाची तीन पुटं साचली होती. आकड्याने तिने ती एकेक काढली, टोपी बोटाने उचलून पाहिली. ती सुटी झाली, खालीवर हलली. परतीचे बावीस किलोमीटर सविस्तरने आरसा शेवटी फुटला कसा ते सांगितलं. गॅरेजपाशी इंजिन बंद केल्यावर चौघं मागच्या चाकांजवळ कान देऊन उभे राहिले. शिंपी आणि टायरवालाही आले. कुठून तरी एक अगदी हलका उसासा आला, आणि मग काही नाही.

"टायर होते," टायरवाला म्हणाला.

सकाळी आठला ट्रक दुधाला लागला. साडेनऊला मालकांचा फोन. "शाब्बास ताई. उद्या दुसरी गाडी पाठवतो, तिचंही मागचं बघून घ्या. पण आवाज होता तरी कशाचा?"

काकांनी फोन हातातून घेतला. "तुमच्या ड्रायव्हरला विचारा," ते म्हणाले. "मात्र हातातलं काम संपवून विचारा."

आई त्या दिवशीही आली. डबा द्यायला म्हणून. लेकीने वही उघडली, शेवटच्या नोंदीखाली तारीख घातली, गाडीचा नंबर घातला आणि आवाजाच्या रकान्यापाशी पेन थांबवलं.

"काय लिहू?"

"काय म्हणजे? ह्यांच्या घोरण्यासारखा."

तिने लिहिलं. कारण, नाक बुजलेलं. उपाय, आकड्याने मोकळं करणे. पुढे ठळक अक्षरांत, धुऱ्याला रंग देऊ नये. मुद्रितशोधकाच्या सवयीने पुन्हा एकदा वाचलं आणि सही केली. साक्षीच्या जागी काका सही करायला पुढे झाले, पण आईने पेन त्यांच्या हातातून काढून घेतलं.

"ही साक्ष माझी," ती म्हणाली. "तुम्ही खाली करा. आणि त्या सविस्तरलाही बोलवा. सगळ्यांच्या सह्या हव्यात. चार जणांनी ऐकलंय, म्हणजे आता नाही म्हणायची सोय नाही."

पूर्ण नाव घालून तिने सावकाश सही केली, शाई वाळू दिली. आणि मग सवयीने मान वर करून कोपऱ्यातल्या स्टुलाकडे पाहिलं, हरलेल्या माणसाचं तोंड कसं झालंय ते बघायला.